डाव्या बाजूने बोला

प्रिय ताई,

तुमच्या हॉटेलात लग्नाच्या पाहुण्यांसाठी खोल्या ठरवताना फोनवर तुम्हाला इतके दिवस ‘मॅडम’ म्हणत होते. वयाने तुम्ही माझ्यापेक्षा लहानच असाल, तरी आता ताईच म्हणते. भावाचं लग्न होऊन 10 दिवस झाले. पाहुणे घरी पोचले, हॉटेलचा हिशेब मिटला, आणि तरी घरात रोज एकदा तुमचा विषय निघतोच. म्हणून हे पत्र. चारचौघांनी वाचावं म्हणून मुद्दाम उघड लिहितेय.

पाहुण्यांच्या राहण्याची सोय माझ्या गळ्यात पडली, कारण आधी सगळे ‘आम्ही बघतो’ म्हणाले आणि मग कोणीच बघितलं नाही. लग्नघरातलं हे काम फार कृतघ्न. नीट झालं तर कोणाच्या लक्षातही येत नाही, बिघडलं तर पुढच्या प्रत्येक लग्नात ऐकून घ्यावं लागतं.

तुमच्याकडे येण्याआधी एका हॉटेलात आम्ही 4 महिने अगोदर 22 खोल्या सांगून ठेवल्या होत्या. त्यांचं नाव घेत नाही, त्यांचं त्यांना कळेल. धरून ठेवलेल्या खोल्या एका ठरलेल्या तारखेपर्यंतच आपल्या असतात, तोवर नावं आणि आगाऊ रक्कम पोचली नाही तर त्या सुटतात आणि दुसऱ्या कोणालाही विकल्या जातात, हे मला आता पाठ आहे. तेव्हा माहीत नव्हतं. तारीख त्यांनी सांगितली नाही, मी विचारली नाही, लेखी तर काहीच घेतलं नाही. माझी चूक मी पदरात घेते. पण ती तारीख उलटून गेल्यावरही मी दोनदा फोन केला होता, आणि दोन्ही वेळा तोच गोड आवाज म्हणाला, ‘होऊन जाईल हो, टेन्शन घेऊ नका.’ लग्न 18 दिवसांवर आलं तेव्हा त्याच आवाजाने सांगितलं की सिस्टीममध्ये आमच्या नावाचं काहीच दिसत नाही. काहीच! जणू मी 4 महिने स्वतःशीच बोलत होते.

त्यानंतर 7 ठिकाणी फोन केले. कोणी ‘बघून सांगतो’ म्हणालं, कोणी ‘उद्या करा’. मग तुम्ही. तुमचं वाक्य जसंच्या तसं आठवतंय: ‘22 नाहीत, 17 आहेत. उरलेल्या 5 जवळपास कुठे मिळतात का बघते, पण उद्या 12 पर्यंत काही कबूल करत नाही.’

मी फोन ठेवला आणि रडले. आनंदाने वगैरे नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी मला सरळ ‘नाहीत’ म्हणालं होतं, त्याने. दुसऱ्या दिवशी 12 ला 10 कमी असताना तुमचाच फोन आला. त्या 5 खोल्या तुमच्या हॉटेलातल्या नव्हत्या, त्यात तुमचा एक पैशाचा फायदा नव्हता.

पुढचं सगळं सांगत बसत नाही. पण तुमचे प्रश्न! ‘शेजारच्या खोल्या’ म्हणजे मधून दार असलेल्या की नुसत्या लागून? दोघांच्या खोलीत एकच मोठा पलंग की दोन वेगळे? (दोन चुलतभावांना एका पलंगावर झोपवण्यापासून तुम्ही मला वाचवलंत.) झोप कोणाची सावध आहे, म्हणजे त्यांना लिफ्टपासून लांब ठेवू. आणि शेवटी जरा घुटमळत, ‘कोणाला कोणाच्या समोर आणायचं नाही, असं काही आहे का?’ मी हसत सुटले. आहे ना! माझ्या दोन काकांची 11 वर्षं बोलचाल बंद आहे. तुम्ही त्यांना दोन वेगळ्या मजल्यांवर टाकलंत. दोघांनीही मला बाजूला घेऊन सांगितलं की खोली फार मोक्याची मिळाली.

पण पत्र लिहायला बसले ती आत्यासाठी.

आत्या 81 वर्षांची. पहाटे साडेपाचला पोचणार होती आणि खोल्या दुपारी 2 शिवाय मिळत नाहीत. तुम्ही म्हणालात, एवढी एकच खोली आदल्या रात्रीपासून घ्या, बाकीच्यांसाठी उगाच पैसे घालवू नका, त्यांचं सामान आम्ही सांभाळू. तिच्या न्हाणीघरात टब नको, काठ ओलांडताना पाय घसरतो, हेही तुम्हीच सुचवलंत. त्या बोलण्याच्या ओघात मी कधीतरी म्हटलं असेन की आत्याला उजव्या कानाने ऐकू येत नाही आणि ती ते कोणाला कळू देत नाही. मी बोलले आणि विसरले.

त्या पहाटे तुम्ही ड्युटीवर नव्हता. काउंटरवर रात्रपाळीचा एक मुलगा होता. आम्ही आत शिरलो तसा तो काउंटरच्या मागून बाहेर आला, आत्याच्या मागून वळसा घालून तिच्या डाव्या बाजूला उभा राहिला आणि सावकाश, अजिबात न ओरडता म्हणाला, ‘आजी, तुमची खोली तयार आहे.’ आत्याने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. तिला पुन्हा ‘काय?’ विचारावं लागलं नाही. परक्या ठिकाणी गेल्यावर ती आधी तो ‘काय?’ गिळते, मग गप्प होते, मग आपण म्हणतो म्हातारी तुसडी आहे.

त्याच्या हातात किल्लीच्या कार्डाचं पाकीट होतं. त्यावर जाड पेनाने, बोटाएवढ्या आकड्यांत खोलीचा नंबर. पाकिटाला टाचलेली चिठ्ठी त्याने काढून खिशात घातली, पण मी वाचली होती: ‘डाव्या बाजूने बोला.’ अक्षर तुमचं, असं तोच म्हणाला.

तीन शब्द, ताई. त्यासाठी ना कोणाची परवानगी लागली, ना पैसे. आमच्या घरात तिला 30 वर्षं ओळखणारी माणसं आहेत, मी धरून, आणि लग्नाच्या दोन्ही दिवसांत आम्ही बहुतेक वेळा उजवीकडूनच ओरडत होतो. तो मुलगा मात्र चुकला नाही. त्यालाही माझा नमस्कार सांगा.

एक कबुली राहिली. निघताना तुमच्याकडे एक कार्ड कमी भरलं असेल. ते त्या पाकिटासकट आत्याच्या पर्समध्ये आहे. परत पाठवते म्हटलं तर ती ऐकत नाही, आणि या वेळी मी डाव्या बाजूनेच बोलले होते.

तुमची,
नवऱ्यामुलाची मोठी बहीण