ताप आला की आधी संसर्ग शोधा

संधिवाताच्या रुग्णांना येणाऱ्या तापाविषयीचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. असा ताप म्हणजे मूळ आजार उसळल्याचीच खूण, हा त्यातला सूर पटला नाही. स्टिरॉइड व प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना आधी संसर्ग शोधावा लागतो. टीएनएफरोधक (सूज वाढवणारे टीएनएफ हे प्रथिन रोखणाऱ्या) इंजेक्शनांमुळे सुप्त क्षयरोग जागा होऊ शकतो. तो बरेचदा फुप्फुसांबाहेर असल्याने छातीच्या एक्स-रेत दिसेलच असे नाही. रक्ततपासणीही चकवते. सीआरपी हे सूज किंवा संसर्ग असताना रक्तात वाढणारे प्रथिन यकृतात मुख्यतः इंटरल्युकिन-६ या संदेशवाहक प्रथिनाच्या संकेताने तयार होते. टोसिलिझुमॅब हे संधिवाताचे औषध तो संकेतच अडवते, त्यामुळे गंभीर संसर्गातही सीआरपी सामान्य दिसू शकते. उलट ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणारा, संधिवाताच्या गटातला आजार) उसळल्यावर सीआरपी सहसा फारसे वाढत नाही (फुप्फुसावरणाला सूज असेल तर वाढते), म्हणून ते खूप वाढले तर संसर्गाचा संशय घ्यावा. ल्युपस असलेल्या माझ्या बहिणीला ताप आला तेव्हा कल्चरसाठी (रक्तात जंतू आहेत का, हे ते वाढवून पाहण्याच्या तपासणीसाठी) रक्त न घेताच स्टिरॉइडचा डोस वाढवला गेला. ताप दोन दिवस उतरला, संसर्गाचे निदान मात्र तीन आठवडे लांबले. ते रक्त घ्यायला काही मिनिटे पुरतात. लेखात याचा उल्लेख हवा होता.

– एक वाचक