ऑर्डर देण्याआधी हातातली कामे विचारावीत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी अंकांच्या कामाला आता वेग आला आहे. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, अनुवाद, मुखपृष्ठ, रेखाचित्रे ही सगळी कामे लहान संस्था आणि छोटे प्रकाशक आजकाल घरून काम करणाऱ्या फ्रीलान्सरना देतात आणि त्यातली बरीच संकेतस्थळावरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून, समोरच्या माणसाला न भेटताच ठरतात. पूर्वी छापखान्यात गेले की टेबलावरचे गठ्ठे दिसत आणि आपला नंबर कधी लागेल याचा अंदाज येई. पडद्यावर मात्र फक्त दर, ग्राहकांनी दिलेल्या पसंतीच्या चांदण्या आणि ‘तीन दिवसांत काम पूर्ण’ एवढेच दिसते. त्या माणसाच्या हातात आधीच किती कामे आहेत, हे ऑर्डर देणाऱ्याने आपणहून विचारले पाहिजे. तो प्रश्न क्वचितच विचारला जातो, म्हणून हे पत्र.

२०१० साली सुरू झालेल्या ‘फायव्हर’सारख्या संकेतस्थळावर काम हे किंमत आणि मुदत ठरलेल्या तयार पॅकेजच्या रूपात मांडलेले असते. ग्राहकाने पैसे भरून आवश्यक माहिती दिली की घड्याळ सुरू होते. काम घेणाऱ्याचा होकार दर वेळी वेगळा घेतला जात नाही. उशीर झाला तर त्याच्या नोंदीवर डाग पडतो आणि ऑर्डर रद्द झाली तरीही फटका त्यालाच बसू शकतो. एकाच वेळी किती ऑर्डरी घ्यायच्या याची मर्यादा त्याला घालता येते किंवा काही दिवस काम बंद ठेवता येते, हे खरे आहे. पण वर्षातल्या कमाईच्या दोन महिन्यांत नव्या ग्राहकांना दार बंद करणे किती जणांना परवडेल? ‘जमत नसेल तर नाही म्हणावे’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा त्या नकाराची किंमत आपल्याला मोजावी लागत नाही, याचा विसर पडतो.

अशा संकेतस्थळांवर रांगेत किती ऑर्डरी आहेत याचा आकडा बऱ्याचदा दिसतो आणि तो पाहूनच पुढे जावे. मात्र त्या आकड्यावर विसंबून चालत नाही, कारण रांगेतली एक ऑर्डर दोन ओळींच्या जाहिरातीची असते, तर दुसरी तीनशे पानांच्या पुस्तकाची. शिवाय ओळखीतून, फोनवरून आलेली कामे त्या आकड्यात धरलेली नसतात, आणि मराठीत तर तीच अधिक असतात.

मुद्रितशोधनाचेच पाहा. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणला की रफार सरकतो, जोडाक्षरे फुटतात, ‘ऱ्या’ची मोडतोड होते. म्हणजे वाचनाआधी मजकूर दुरुस्त करण्याचेच काम वाढते, आणि ऑर्डरमध्ये त्याचा उल्लेखही नसतो. डोळा थकला की तो समोरचे अक्षर न वाचता अपेक्षित शब्द वाचू लागतो. ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार सुटतात ते अशा वेळी. अनुवादाचेही तसेच. दिवसाला सुमारे दोन हजार शब्द हा काळजीपूर्वक अनुवादाचा बरा वेग मानला जातो. त्या हिशेबाने दहा हजार शब्दांच्या लेखाला पाच दिवस लागतील, तेही हातात दुसरे काहीच नसेल तर. आधीची दोन कामे बाकी असतील तर तोच लेख पंधरवड्यावर जातो. असे काम तीन दिवसांत मागितले, तर एक तर कोणी रात्री जागवतो किंवा यंत्राकडून करून घेतलेला अनुवाद वरवर सारखा करून पाठवतो. दोन्हींत लेखाचे नुकसान होते, आणि त्यावर नाव छापले जाते ते लेखकाचे.

माझी सूचना साधी आहे. ‘काम कधी मिळेल?’ असे विचारू नये. त्याला समोरचा आपल्याला आवडेल तीच तारीख सांगतो. ‘हातात सध्या काय काय आहे आणि माझ्या कामाला प्रत्यक्ष सुरुवात कधी करता येईल?’ असे पैसे भरण्याआधीच विचारावे. सोबत एकूण शब्दसंख्या, मजकुराची दोन-चार पाने आणि छपाईची खरी तारीख कळवावी. तारीख लवचीक असेल तर तसे स्पष्ट लिहावे, कारण उगाच ‘अर्जंट’ म्हटल्याने दुसऱ्या कोणाचे खरोखर निकडीचे काम मागे पडते. आणि ‘दोन आठवडे लागतील’ असे प्रामाणिक उत्तर आले तर त्यावर घासाघीस करू नये.

पैशांचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. जुनी बिले अडकलेली असतात म्हणूनच अनेक जण झेपणार नाही एवढे काम घेतात. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म आणि लघु सेवा पुरवठादारांची देयके करार असला तरी ४५ दिवसांच्या आत चुकती करावीत, असे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगविषयक कायदा सांगतो. अनेक संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना हे ठाऊकही नसते. निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली काम मिळताच दिली, तर त्या माणसाला पुढचे काम नाकारण्याची थोडी तरी मोकळीक मिळते.

दिवाळी अंकांच्या संपादकांना आणि वार्षिके काढणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे की, मजकूर पूर्ण जमण्याची वाट न पाहता गणेशोत्सवाआधीच आपल्या मुद्रितशोधकांना आणि अनुवादकांना अंदाजे पाने व तारखा कळवाव्यात. आणि काम मिळवून देणाऱ्या संकेतस्थळांनी दराच्या शेजारी ‘नवे काम या तारखेपासून सुरू होईल’ अशी एक ओळ ठळकपणे दाखवावी. ती तारीख ठरवण्याचा अधिकार मात्र काम करणाऱ्याकडेच असावा.

आपली,
एका संस्थेच्या वार्षिक अंकाचे काम पाहणारी वाचक, ठाणे