चाकोरीतच ठेवल्याबद्दल

आदरणीय मावशी,

सप्रेम नमस्कार. आपले नाव विचारायचे राहून गेले, आणि वयाने मोठ्या बाईला काहीच न म्हणता पत्र लिहिणे मला जमत नाही, म्हणून मावशी म्हणते. हे पत्र आपल्या हाती पडेल याची खात्री नाही. तरीही ते माझ्या भाषेत लिहावेसे वाटले, कारण त्या दुपारी माझ्या तोंडून धड इंग्रजी फुटत नव्हते आणि दोन शब्दांच्या आभारांवर मी आपली बोळवण केली, याची रुखरुख आजही आहे.

गेल्या ऑक्टोबरमधली ही गोष्ट. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानातला व्हाइट रिम हा सुमारे १६० किलोमीटरचा कच्चा रस्ता आपल्या पायाखालचा आहे. पण हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते, की एका बाजूला वरच्या पठाराचे उभे कडे आणि दुसऱ्या बाजूला कोलोरॅडो व ग्रीन या नद्यांनी कोरलेल्या दऱ्या, यांच्या मधल्या पांढऱ्या वालुकाश्माच्या पायरीवरून तो वळसे घेत जातो. मुक्कामाला परवाना लागतो, तंबू ठरवून दिलेल्या तळावरच लावायचा असतो, आणि पिण्याचे पाणी वाटेत कुठेही मिळत नाही. आम्ही तिघे, म्हणजे मी, माझे पती आणि आमची चौदा वर्षांची मुलगी, भाड्याची जीप घेऊन शेफर ट्रेलच्या वळणांवरून खाली उतरलो होतो. पहिला मुक्काम गूजबेरीला झाला, दुसरा मर्फी हॉगबॅकला व्हायचा होता. चारही चाकांना जोर देणारी गाडी हाताशी आहे म्हणजे तयारी झाली, अशी माझी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच एका धारदार दगडाने मागचे टायर बाजूने कापले गेले आणि स्टेपनी लावावी लागली. व्हाइट क्रॅकचा फाटा मागे पडल्यावर पुढच्या डाव्या टायरमधून हवा जाऊ लागली. जवळ दुसरी स्टेपनी नव्हती, पंक्चर काढण्याचे सामान नव्हते, फोनला सिग्नल नव्हता. त्यातच पाण्याच्या दोन कॅनपैकी एक आदळआपटीत तडकून रिकामा झाल्याचे तेव्हाच लक्षात आले. माणशी दिवसाला चार लिटर हा हिशेब मी कागदावर नीट मांडला होता, परंतु कॅन फुटला तर काय, हा प्रश्न त्या कागदावर नव्हता. इथून गाडी ओढून न्यायची तर हजाराहून अधिक डॉलर लागतात हे वाचले होते, पण त्या क्षणी पैशांपेक्षा मुलीच्या कोरड्या ओठांकडेच लक्ष जात होते. मी घाबरले आणि परत फिरायचे ठरवले. रस्ता अरुंद होता. शेजारी काळसर, खडबडीत मातीचा एक सपाट तुकडा दिसला, आणि त्यावर गाडी घालून वळवायची म्हणून मी स्टिअरिंग फिरवलेसुद्धा.

त्याच वेळी आपला जुना पिकअप मागून आला. आपण खाली उतरलात आणि दोन्ही हात पसरून सरळ माझ्या गाडीपुढे उभ्या राहिलात. रागावला असाल असे मला वाटले. आपण मात्र शांतपणे म्हणालात, की आधी इंजिन बंद कर, मग मुलीला पाणी दे, आणि मग इकडे ये.

आपण मला त्या मातीपाशी उकिडवे बसवलेत आणि आपल्या बाटलीतले चार थेंब एका काळ्या उंचवट्यावर टाकलेत. मिनिटभरही झाले नसेल, तोच जळून गेल्यासारखे दिसणारे ते शेवाळ उलगडले आणि हिरवे झाले. माझी मुलगी श्वास रोखून पाहत होती. ही नुसती माती नाही, सायनोबॅक्टेरिया नावाचे सूक्ष्मजीव, दगडफूल आणि शेवाळ यांनी मिळून विणलेली जिवंत साय आहे. तिच्यामुळे वाळू जागच्या जागी राहते, पावसाचा ओलावा टिकतो, झुडपांना नायट्रोजन मिळतो. आणि एकदा चाक फिरले की ती पूर्ववत व्हायला कित्येक दशके लागतात, हे आपण तिला सांगितलेत. पाण्याची चणचण असताना ते चार थेंब खर्च करणे आपल्याला महत्त्वाचे वाटले. त्या थेंबांचे मोल मला आपण नंतर दिलेल्या कॅनइतकेच वाटते.

टायरचे काम आपण माझ्याच हातून करून घेतलेत. थुंकी लावून बुडबुडा कुठे येतो ते शोधायचे, टोच्याने भोक साफ करायचे, चिकट पट्टी सुईत ओवून जोर लावून आत घुसवायची आणि सुई झटक्यात बाहेर ओढायची. दोनदा माझा हात घसरला. आपण पट्टी पुन्हा ओवून दिलीत, सुई मात्र माझ्याच हातात परत ठेवलीत. त्यानंतर चारही चाकांतली हवा ३८ वरून २४ पौंडांवर आणायला लावलीत. मला ते उलटेच वाटले होते. पण मऊ झालेले टायर दगडावर दबून त्याचा आकार घेते, कडक टायर मात्र त्याच दगडावर फाटते, हे पुढच्या चढावर हातातल्या स्टिअरिंगनेच पटवून दिले. परत फिरण्याचा हट्टही आपणच मोडून काढलात. आपण निम्म्या वाटेजवळ आहोत, मागे गेलीस काय नि पुढे गेलीस काय, अंतर जवळपास तेवढेच, हे शांतपणे कोणीतरी सांगायला हवे होते.

मर्फी हॉगबॅकचा तो छातीवर येणारा चढ आपण गाडीपुढे चालत, हाताने चाकांची जागा दाखवत आम्हाला चढवून दिलात. आपलाही मुक्काम तिथल्याच शेजारच्या तळावर होता. लाकडे पेटवायला तिथे बंदी आहे, त्यामुळे अंधारातच बसलो, आणि खरे तर तो अंधारच पाहण्यासारखा होता. हा रस्ता १९५० च्या दशकात अणुऊर्जा आयोगाने युरेनियमच्या शोधासाठी करवून घेतला, पुढे १९६४ मध्ये उद्यान झाले, आणि त्या काळी आडवाटेला गेलेल्या गाड्यांच्या चाकोऱ्या अजूनही ओळखू येतात, हे आपण सांगितलेत तेव्हा मी फिरवलेले स्टिअरिंग मला आठवले. चाकोरीबाहेर जाण्याचे कौतुक करणाऱ्या भाषेत मी वाढले आहे. त्या दिवशी आपण मला चाकोरीतच ठेवलेत, म्हणून त्या मातीवर माझ्या चाकाची खूण नाही. मदतीसाठी आभार मानायचेच आहेत, पण त्याहून अधिक या अडवण्यासाठी मानायचे आहेत.

मी स्वतः बसवलेली ती पट्टी रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचा मिनरल बॉटमचा घाट चढून मोॲब गावी पोहोचेपर्यंत टिकली. आपण दिलेला निळा कॅन मात्र आमच्याकडेच राहिला, कारण सकाळी आम्ही उठण्यापूर्वीच आपण निघून गेला होतात. येत्या ऑक्टोबरसाठी आम्हाला मर्फीचा परवाना पुन्हा मिळाला आहे. या खेपेला दोन स्टेपन्या, पंप आणि टोच्या बरोबर असेल, आणि आपण त्या वाटेवर भेटलात तर आपला कॅन काठोकाठ भरून परत करण्याचे काम मुलीने स्वतःकडे घेतले आहे.

आपली कृतज्ञ,
पांढऱ्या जीपची चालक