काँगोतले प्रांत कागदावरच श्रीमंत

महोदय,

काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या बातम्या बहुधा बंडखोर आणि कोबाल्टपुरत्याच येतात. तिथल्या राज्यव्यवस्थेतली खरी मेख पैशात आहे. २००६ च्या संविधानाने राष्ट्रीय महसुलातला ४० टक्के वाटा प्रांतांना दिला, तोही वसुलीच्या ठिकाणीच कापून घेण्याच्या हक्कासह. प्रत्यक्षात रक्कम आधी राजधानी किन्शासाला जाते आणि प्रांतांकडे येते ती उशिरा, कापून-छाटून. त्यातच २०१५ मध्ये ११ प्रांतांचे २६ केले. प्रांत वाढले, तिजोरी तीच. असल्या विकेंद्रीकरणाला काय म्हणावे?

गव्हर्नर आणि सिनेटर जनता निवडत नाही, प्रांतिक सभा निवडते. मतदार मूठभर, म्हणून घोडेबाजार सोपा. मार्च २०१९ मध्ये लाचखोरीच्या आरोपांमुळे नव्या सिनेटरांचा पदग्रहण सोहळाच राष्ट्राध्यक्षांना थांबवावा लागला होता.

राष्ट्राध्यक्ष मात्र थेट मतदानाने येतो. २०११ च्या दुरुस्तीने दुसरी फेरी रद्द केल्यामुळे २०१८ मध्ये फेलिक्स त्शिसेकेदी अधिकृत आकड्यांनुसार जेमतेम ३८ टक्के मतांवर निवडून आले. पंतप्रधान संसदेतल्या बहुमतातून नेमायचा, आणि ५०० जागांच्या सभागृहात बहुमत माजी अध्यक्ष काबिला यांच्या गटाकडे! दोघांच्या आघाडीचा हा संसार डिसेंबर २०२० मध्ये मोडला.

मे २०२१ मध्ये उत्तर किवू आणि इतुरी या प्रांतांत आणीबाणी लावून लष्करी गव्हर्नर बसवले गेले. प्रांतिक सभाही निलंबित झाल्या. त्यामुळे ४० टक्क्यांचा हिशेब मागायला तिथे निवडून आलेले कोणी उरलेच नाही.

– एक वाचक, पुणे