पार्किन्सनच्या रुग्णाला ते इंजेक्शन देण्यापूर्वी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पार्किन्सन म्हणजे हात थरथरणे, एवढेच आम्हाला ठाऊक होते. नवव्या वर्षी वडिलांना खोलीच्या कोपऱ्यात लहान मुले दिसू लागली. ती नुसती बसून असत. वडील घाबरत नव्हते, म्हणून आम्ही ते डॉक्टरांच्या कानावर घातले नाही. चूक आमचीच. पुढे ते आईवर संशय घेऊ लागले आणि एका रात्री त्यांनी घर डोक्यावर घेतले. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात त्यांना हॅलोपेरिडॉल या भास-भ्रमांवरच्या औषधाचे इंजेक्शन दिले गेले. ते शांत झाले खरे, पण सकाळी अंग लाकडासारखे ताठ होते, पाण्याचा घोटही गिळवत नव्हता. पुन्हा उभे राहायला तीन आठवडे लागले.

या आजारात हालचालींवर ताबा ठेवणारे मेंदूतले डोपामिन हे रसायन आधीच आटलेले असते. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन ही औषधे उरल्यासुरल्या डोपामिनचेही काम अडवतात. उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइडही तेच करते, हे तर कित्येकांच्या गावीही नसते.

भास सुरू झाले की आधी लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, शरीरातले पाणी कमी होणे हे तपासायला हवे. मग ट्रायहेक्सिफेनिडिल, अमॅन्टाडिन यांसारखी पार्किन्सनवरचीच, पण भास वाढवू शकणारी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली एकेक करून कमी करायची. लेव्होडोपा या मुख्य औषधाला हात सर्वांत शेवटी. तेवढ्याने भागले नाही तरच भासांवरचे औषध. त्यात क्लोझापिनची बाजू सर्वांत भक्कम आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत दिवसाला ५० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेत भास कमी झाले आणि ताठरपणाही वाढला नाही. मात्र रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकाएकी घटण्याचा धोका असतो, त्यामुळे सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावे लागते. म्हणून पुष्कळदा क्वेटियापिन दिले जाते. त्याने हालचाल सहसा बिघडत नाही, पण भासांवरचा गुण चाचण्यांत ठामपणे दिसलेला नाही. डोपामिनला न अडवणारे पिमाव्हॅन्सेरिन अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झाले. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना भास-भ्रमांवरचे यांपैकी कोणतेही औषध दिले तरी मृत्यूचा धोका वाढतो, हे घरच्यांना आधी सांगितलेच पाहिजे.

त्या रात्री वडिलांची फाइल माझ्या हातात होती आणि आजाराचे नाव पहिल्याच ओळीत होते. तातडीच्या विभागात ती ओळ वाचल्याशिवाय इंजेक्शन भरले जाऊ नये, असा नियम प्रत्येक रुग्णालयाने करावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक वाचक