लाळ वाढत नाही, गिळणे कमी होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

११ एप्रिलला, जागतिक पार्किन्सन दिनाच्या सुमारास, वृत्तपत्रांत या आजारावर लेख येतात. त्यांत हाताचा कंप असतो, मंदावलेली चाल असते. लाळ गळण्याचा उल्लेख क्वचितच. वास्तविक जेम्स पार्किन्सन यांच्या १८१७ च्या मूळ निबंधातही त्याची नोंद आहे. माझ्या यजमानांना हा त्रास आहे. हात थरथरला तर त्यांना फारसे काही वाटत नाही, पण चारचौघांत सदरा ओला झाला की ते मिटून जातात. लग्नकार्याला जाणे त्यापायीच सुटले.

लाळ जास्त सुटते, असाच सर्वांचा समज. तसे नसते. एरवी आपण दिवसभर नकळत लाळ गिळत असतो. पार्किन्सनमध्ये ही आपसूक होणारी क्रिया मंदावते. त्यात मान पुढे झुकलेली आणि ओठ किंचित उघडे. म्हणून थेट 'लाळ सुकवायची गोळी' मागू नये. ट्रायहेक्सिफेनिडिलसारख्या औषधाने तोंड कोरडे पडते खरे, पण वयस्कर माणसाला विस्मरण, भ्रम, बद्धकोष्ठ, लघवी तुंबणे असे नवेच काही मागे लागू शकते.

आम्हाला उपयोग झाला तो स्पीच थेरपिस्टचा, म्हणजे बोलण्या-गिळण्यावर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाचा. ओठ मिटून गिळायचे, बोलण्याआधी गिळायचे, बसताना पाठ-मान ताठ ठेवायची. मोबाइलवर गिळण्याची आठवण लावली आहे. बिनसाखरेचे च्युइंगमही चालते, अर्थात ते नीट चावता-सांभाळता येत असेल तरच. आजोबा च्युइंगम चघळतात याची नातवंडांना भारी गंमत! एवढ्याने भागले नाही तर लाळग्रंथींत लाळ कमी करणारे बोटुलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन देतात. त्याचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो. पार्किन्सनच्या नेहमीच्या औषधांच्या वेळाही डॉक्टरांकडून तपासून घ्याव्यात.

लाळेला निव्वळ लाजेची बाब समजून घरात झाकून ठेवतात, हे मला अधिक घातक वाटते. गिळणे बिघडले की लाळ किंवा अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. चहा-पाणी घेताना ठसका लागणे, जेवणानंतर आवाज घोगरा होणे, वरचेवर ताप येणे, यांपैकी काही दिसले तर गिळण्याची तपासणी लगेच करून घ्यावी. स्पीच थेरपिस्ट म्हणजे बोबड्या मुलांसाठी, असे आम्हीही ऐकून होतो. मेंदूविकारतज्ज्ञांनी पहिल्या काही भेटींतच रुग्णाला त्यांच्याकडे पाठवावे, आणि पुढच्या एप्रिलमध्ये आपण यावर एखाद्या तज्ज्ञाचा लेख छापावा, ही विनंती.

– एक वाचक, सातारा