अनुदान शून्य धरून हिशोब कर

प्रिय पक्या,

तुझा मेसेज वाचला. व्हॉट्सअ‍ॅपवरच उत्तर देणार होतो पण विषय लांबणारा आहे म्हणून रात्री जेवण झाल्यावर निवांत लिहायला बसलोय. तू म्हणतोस अण्णांची पाच एकर सेंद्रिय करायची, ठिबक टाकायचं, सोलर पंप बसवायचा, सगळ्याला अनुदान आहेच, मग परवडेल ना? अरे, पर्यावरणाच्या नावावर ज्या योजना आहेत त्यातल्या काही खरंच खिशाला सुखाच्या आहेत आणि काही निव्वळ शिवारफेरीत फोटो काढण्यापुरत्या. मी एकच बघतो, अनुदान येणारच नाही असं धरून हिशोब मांडायचा, तरीही ती वस्तू परवडत असेल तर खुशाल अर्ज टाकायचा, नसेल परवडत तर अनुदानाच्या नादाने त्या भानगडीत पडायचंच नाही.

ठिबक या चाळणीतून पास होतं. पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला केंद्राच्या योजनेत ५५ टक्के, त्यावरच्याला ४५, त्यात राज्य आपली भर घालतं आणि ते ८० नाहीतर ७५ टक्क्यांवर जातं. ऐकायला भारी वाटतं ना? पण हे ८० टक्के तुझ्या बिलावर नसतात, सरकारने हेक्टरी जो खर्च ठरवलाय त्यावर असतात, आणि तो दोन नळ्यांमधल्या अंतरावर ठरतो. तू जाड लॅटरल, म्हणजे ओळीतली नळी, घेतलीस, चांगला फिल्टर घेतलास तर वरचा फरक तुझ्याच खिशातून. शिवाय आधी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, मग पूर्वसंमती, मग संच बसवून जीएसटीचं बिल अपलोड, मग साहेब येऊन मोका तपासणी, आणि मग वाट बघत बसायचं. आमचं अनुदान खात्यात पडेपर्यंत मधे अख्खा ऊस तुटून कारखान्याला गेला होता, तेवढ्या दिवसांचं व्याज कुणी धरत नाही. आणि एकदा लाभ घेतला की त्याच क्षेत्राला सात वर्षं परत मिळत नाही, हेही आधीच माहीत असू दे.

तरी मी म्हणेन टाक. मार्च लागला की आमची विहीर दीड-दोन तासात तळ दाखवते, पाटपाण्याने त्यात अर्धा एकर भिजायचा नाही, आता टोमॅटो आणि डाळिंब दोन्ही निघतं. दारं धरायला माणूस लागत नाही, खत थेट मुळाशी जातं, सरीत तण कमी. कटकटी आहेतच. आमच्या पट्ट्यात बोरचं पाणी जड, ड्रीपरच्या तोंडाशी पांढरी खपली धरते, वेळच्या वेळी अ‍ॅसिड सोडलं नाही तर शेवटच्या झाडांना पाणी पोचतच नाही, आणि उसात उंदरांनी नळ्या कुरतडल्या की हातात जोडणी घेऊन पाचटात गुडघ्यावर फिरायचं. पण हा खर्च अनुदान नसतं तरी मी केलाच असता.

आता तुझं सेंद्रिय. इथे मला तुझी खरी काळजी वाटते. परंपरागत कृषी विकास योजनेत २० हेक्टरचा गट करावा लागतो, म्हणजे आधी शेजारच्यांना पटवा. तीन वर्षांसाठी हेक्टरी ३१,५०० रुपये, बरोबर? त्यातले शेतकऱ्याच्या खात्यात थेट येतात १५,०००, बाकीचे प्रशिक्षण, प्रमाणीकरण, मार्केटिंग असल्या गोष्टींना. तू इंजिनिअर आहेस, तूच भागाकार कर, एकरी वर्षाला २,००० रुपये! आमच्याकडे तेवढ्यात शेणखताची एक ट्रॉलीसुद्धा बांधावर येऊन पडत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात नैसर्गिक शेतीचं राष्ट्रीय मिशन मंजूर झालं, २,४८१ कोटींचं, तिथे एकरी वर्षाला ४,००० आहेत, पण दोनच वर्षं. आणि रासायनिक सोडल्यावर पहिली दोन-तीन वर्षं पिकाचा उतारा घटतो तो काही २,००० आणि ४,००० ने भरून निघत नाही. सर्टिफिकेट येईपर्यंत माल विकायचा त्याच भावाने. बरं, आलं तरी मार्केटात आडत्या कागद बघतो का? तो टोमॅटोचा रंग बघतो आणि कॅरेट हलवून बघतो.

दुसरीकडे युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, तीही सरकारच्याच अनुदानामुळे. म्हणजे मला रासायनिक सोडायला पैसे देणारं आणि ते स्वस्त ठेवणारं सरकार एकच, आणि यातली कुठली थैली मोठी आहे हे गावातल्या पोरालाही कळतं. माणूस हिशोबानेच वागणार ना रे.

हां, तुझं एक वेगळं आहे. तू पुण्यात राहतोस, तुझ्या सोसायटीत दोन-तीनशे फ्लॅट आहेत, दर रविवारी भाजी, डाळ, गूळ थेट विकायची जबाबदारी वहिनी आणि तू घेणार असाल तर गणित बदलतं, कारण मग पैसा गिऱ्हाईकाकडून येतो, योजनेकडून नाही. तरी सुरुवात एका एकरावर कर, पाच नको. अण्णांचं घर त्या उसावर चालतंय.

सोलर पंपाचं उलटंच आहे. शेतकऱ्याने भरायचे फक्त १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५, अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाचपर्यंत ५ एचपी. स्वस्त आहे यात वादच नाही. पण एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीजबिलच माफ आहे, त्यामुळे अण्णांचं कनेक्शन चालू असताना सोलरने बिल वाचेल म्हणशील तर वाचायला काही उरलेलंच नाही. मग लोक तरी का बसवतात? रात्रीच्या लाईटीमुळे. आमच्याकडे थ्री फेज, म्हणजे पंप चालवणारी लाईट, रात्री असली की उसात पाणी द्यायला जायचं म्हणजे एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, आणि बिबट्या कुठल्या सरीत बसलाय देव जाणे. गेल्या हिवाळ्यात आमच्या वस्तीवरून कुत्रं नेलं. दिवसा पाणी देता येणं याची किंमत तुझ्या एक्सेल शीटमध्ये कुठल्या कॉलमात घालणार सांग. मी बसवलाय, पण पॅनल बिघडल्यावर कंपनीचा माणूस फोन उचलत नव्हता, ऐन उन्हाळ्यात कांदा ताणावर गेला, पाच वर्षांची हमी कागदावर होती तरी. म्हणून सांगतो, पंप घ्यायच्या आधी तालुक्यात कुणाची सर्व्हिस खरंच चालते ते विचार.

आणि खरं सांगू, तुमच्या माळावरच्या मुरमाड तुकड्याचा कुणी विचारच करत नाही. सौर कृषी वाहिनी योजनेत सौर प्रकल्पासाठी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आणि दरवर्षी ३ टक्के वाढ, म्हणजे एकरी ५०,००० च्या घरात. जिथे कुसळं उगवतात तिथे! फक्त जमीन सबस्टेशनपासून जवळ पाहिजे, आणि करार लांबचा असतो, तेवढी वर्षं जमीन अडकते.

पण या सगळ्याच्या आधी सातबारा काढ. माझ्या आठवणीप्रमाणे त्यावर अजून आजोबांचं नाव आहे आणि खाली चुलत्यांची सामायिक नावं. नाव लागल्याशिवाय फार्मर आयडी, म्हणजे शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक, नाही, आयडीशिवाय अर्ज नाही. वारसनोंद आणि वाटणी उरकायला सहा महिने जातील ते धरून चाल. दिवाळीत तुझे नाशिकचे काका गावी येणार आहेत असं अण्णा म्हणत होते, तेव्हा तूही ये, मी तलाठ्याशी बोलून ठेवतो.

तुझा,
बाळ्या